विजेत्यांच्या यादीतील नावे : अमेरिकेतील ‘वेस्टर्न’ महिला गोल्फ स्पर्धा आणि त्यांचे चषक

प्रस्तावना

क्रीडास्पर्धांचा इतिहास अभ्यासताना सर्वप्रथम हाती लागणारे साधन म्हणजे विजेत्यांची यादी. वर्ष, मैदान, विजेत्याचे नाव व जमल्यास उपविजेत्याचे नाव एवढाच तिचा ऐवज असतो. वृत्तपत्रीय वर्णने अतिरंजित असू शकतात आणि आठवणी कालांतराने बदलतात. यादी मात्र निर्विवाद मानली जाते. महिलांच्या स्पर्धांबाबत हा विश्वास कितपत ग्राह्य धरावा, असा प्रश्न अमेरिकेतील ‘वुमेन्स वेस्टर्न’ या गोल्फ स्पर्धांचा इतिहास पाहताना उपस्थित होतो. या नावाच्या दोन मोठ्या स्पर्धा होत्या. पहिली १९०१ मध्ये सुरू झालेली केवळ हौशी खेळाडूंसाठीची स्पर्धा, आणि दुसरी १९३० ते १९६७ या काळात खेळली गेलेली, हौशी व व्यावसायिक अशा दोन्ही प्रकारच्या खेळाडूंना मुक्त असलेली खुली स्पर्धा. दोन्ही नावाने प्रादेशिक होत्या. तथापि अमेरिकेतील महिला गोल्फच्या इतिहासात त्यांचे स्थान प्रदेशापुरते मर्यादित राहिले नाही, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. त्याचबरोबर या स्पर्धांतील विजेत्या स्त्रियांची नावे कशी नोंदवली गेली, चषकांना कोणाची नावे दिली गेली आणि पुढे या विजयांचे मोल कोणी व कसे ठरवले, याचाही विचार येथे केला आहे.

‘वेस्टर्न’ म्हणजे कोणती पश्चिम?

अमेरिकेची पश्चिम म्हटली की कॅलिफोर्निया डोळ्यांसमोर येते. या स्पर्धांच्या नावातील पश्चिम तेथील नव्हे. शिकागो आणि त्याच्या आसपासचा प्रदेश, म्हणजे आज ज्याला मध्यपश्चिम म्हणतात तो भाग, एकोणिसाव्या शतकातील पूर्व किनाऱ्यावरील माणसाच्या दृष्टीने पश्चिमच होता. शिकागोला लागून असलेल्या एव्हन्स्टन येथे १८५१ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाचे नाव ‘नॉर्थवेस्टर्न’ असे आहे. नकाशा पाहून या नावाचा अर्थ लावू गेल्यास गोंधळ होतो. वसाहतींचा विस्तार ज्या क्रमाने झाला तो लक्षात घेतल्यासच त्याचा उलगडा होतो.

गोल्फमध्ये या पूर्व-पश्चिम भेदाला स्पर्धेचे रूप आले. अमेरिकी गोल्फ संघटना, म्हणजे यूएसजीए, १८९४ मध्ये पाच क्लबांनी मिळून स्थापन केली. त्यांपैकी चार पूर्व किनाऱ्यावरील राज्यांमधले होते आणि पाचवा तेवढा शिकागोचा. सूत्रे पूर्वेकडे एकवटली आहेत, ही शिकागोकरांची भावना अगदीच निराधार नव्हती. १८९९ मध्ये वेस्टर्न गोल्फ असोसिएशन ही स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि त्याच वर्षी पुरुषांची वेस्टर्न खुली स्पर्धा सुरू झाली. त्यानंतर दोन वर्षांनी, १९०१ मध्ये, शिकागोच्या उत्तरेकडील लेक फॉरेस्ट येथील ऑनवेन्टसिया क्लबच्या मैदानावर महिलांची पहिली वेस्टर्न हौशी स्पर्धा झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात महिलांनी स्वतःची वुमेन्स वेस्टर्न गोल्फ असोसिएशन ही संस्था उभारली व स्पर्धांचे नियोजन आपल्या हाती घेतले.

ही बाब वरकरणी किरकोळ वाटते. बहुतेक क्लबांमध्ये पतीच्या अथवा पित्याच्या सदस्यत्वामुळे स्त्रीला मैदानावर प्रवेश मिळत असे, हे ध्यानात घेतले की तिचे महत्त्व कळते. मैदान पुरुषांच्या क्लबचे आणि स्पर्धा मात्र स्त्रियांच्या संस्थेची, अशी ही व्यवस्था होती. संस्थेचे काम प्रामुख्याने स्वयंसेवी होते. नियम ठरवणे, प्रवेशिका स्वीकारणे, मैदानासाठी दरवर्षी कोणत्या तरी क्लबशी बोलणी करणे, ही सारी कामे स्त्रियाच करीत.

पहिली तीन दशके

पहिल्या तिन्ही वर्षी, म्हणजे १९०१, १९०२ व १९०३ मध्ये, बेसी अँथनी विजयी झाली. १९०३ मध्येच शिकागो गोल्फ क्लबच्या मैदानावर तिने राष्ट्रीय हौशी अजिंक्यपदही मिळवले. पश्चिमेची खेळाडू पूर्वेच्या खेळाडूंच्या तोडीची आहे किंवा कसे, या प्रश्नाची चर्चा त्यानंतर फारशी उरली नसावी. पूर्वेकडच्या व दक्षिणेकडच्या स्त्रियांनीही आपापल्या प्रादेशिक स्पर्धा सुरू केल्या. पाइनहर्स्ट येथील ‘नॉर्थ अँड साउथ’ १९०३ मध्ये, ‘ईस्टर्न’ १९०६ मध्ये, ‘सदर्न’ १९११ मध्ये, तर ‘ट्रान्स-मिसिसिपी’ १९२७ मध्ये सुरू झाली. दिशांच्या नावांची ही मालिका पाहिली म्हणजे राष्ट्रीय स्पर्धा वर्षातून एकदाच होत असताना खेळ वर्षभर चालू कोठे राहिला, ते समजते.

सातत्याच्या बाबतीत वेस्टर्न स्पर्धेची कामगिरी विशेष आहे. पहिल्या महायुद्धामुळे १९१७ व १९१८ मध्ये महिलांची राष्ट्रीय हौशी स्पर्धा झाली नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ अशी चार वर्षे ती बंद होती. वेस्टर्न हौशी स्पर्धा या सहाही वर्षी झाली. तिच्या यादीत १९१७ पुढे मिसेस एफ. सी. लेट्स, १९१८ पुढे इलेन रोझेन्थाल, १९४२ पुढे बेटी जेमसन, १९४३ व १९४४ पुढे डोरोथी जर्मेन आणि १९४५ पुढे फिलिस ओटो ही नावे आहेत. राष्ट्रीय यादीत जेथे रिकामी जागा आहे तेथे प्रादेशिक यादी बोलते, हे इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

यांपैकी इलेन रोझेन्थाल ही शिकागोच्या ज्यू समाजातील खेळाडू. अनेक प्रतिष्ठित क्लब त्या काळी ज्यूंना सदस्यत्व देत नसत, त्यामुळे त्या समाजाने स्वतःचे क्लब काढले होते. १९१४ मध्ये तिने राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. युद्धकाळात रेड क्रॉसच्या निधीसाठी देशभर प्रदर्शनीय सामने झाले. त्यांत अलेक्सा स्टर्लिंग, पेरी अडेअर आणि पुढे जगप्रसिद्ध झालेला किशोरवयीन बॉबी जोन्स यांच्यासमवेत ती खेळली. वेस्टर्न स्पर्धा तिने १९१५, १९१८ व १९२५ अशी तीनदा जिंकली.

१९२४ ची विजेती ईडिथ कमिंग्ज हिची प्रसिद्धी आणखी वेगळ्या प्रकारची. आदल्या वर्षी ती राष्ट्रीय विजेती झाली होती. ‘टाइम’ साप्ताहिकाच्या २५ ऑगस्ट १९२४ च्या मुखपृष्ठावर तिचे चित्र आले आणि तेथे झळकलेली ती पहिली महिला खेळाडू ठरली. एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांच्या १९२५ मधील ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीतील जॉर्डन बेकर हे पात्र तिच्यावरून घेतले आहे, हे इंग्रजी वाङ्मयाच्या प्राध्यापकांना सांगावयास नको. कादंबरीतील त्या गोल्फपटूची चर्चा वर्गावर्गांतून होते. जिच्यावरून ती बेतली तिने त्याच सुमारास प्रत्यक्षात काय जिंकले होते, याकडे मात्र टीपांमध्येही क्वचितच लक्ष दिलेले आढळते.

एक स्त्री, अनेक नावे

येथवर उल्लेखिलेल्या नावांमध्ये ‘मिसेस एफ. सी. लेट्स’ हे नाव आले आहे. या खेळाडूने १९१६, १९१७ व १९२० अशी तीन अजिंक्यपदे मिळवली. यादीतील आद्याक्षरे मात्र तिच्या पतीची आहेत. १९०५ व १९०६ ची विजेती ‘मिसेस सी. एल. डेअरिंग’ आणि १९२२ ची ‘मिसेस डेव्हिड गॉट’ यांच्याबाबतीतही हाच प्रकार आहे. विवाहित स्त्रीची ओळख ‘मिसेस’ व त्यापुढे पतीचे नाव अशी देणे हा त्या समाजातील शिष्टाचार होता. ‘सौ.’ या अक्षरामागे एखादी व्यक्ती दिसेनाशी होण्याचा अनुभव मराठी वाचकालाही अपरिचित नाही.

या पद्धतीचे परिणाम केवळ भावनिक नाहीत, ते नोंदींच्या अचूकतेशी निगडित आहेत. कॅन्सस सिटीच्या मिरियम बर्न्सचे उदाहरण घ्यावे. १९२३ मध्ये तिने वेस्टर्न स्पर्धा जिंकली. १९२७ मध्ये ‘मिरियम बर्न्स हॉर्न’ या नावाने ती राष्ट्रीय हौशी विजेती झाली. १९३० च्या वेस्टर्न स्पर्धेची विजेती ‘मिसेस जी. डब्ल्यू. टायसन’ आहे, आणि तीही हीच मिरियम होय. यादी जशीच्या तशी वाचणारा या तीन विजयांमागे तीन वेगवेगळ्या स्त्रिया आहेत असे समजेल. इलेन रोझेन्थालचा १९२५ चा विजय तिच्या विवाहोत्तर नावाने, म्हणजे ‘मिसेस एस. एल. राइनहार्ट’ म्हणून नोंदला गेला. तीन विजय ही दुर्मीळ कामगिरी, पण यादीवरून नजर फिरवणाऱ्याला तेथे दोन अधिक एक एवढेच दिसते.

१९२१ ची विजेती ‘मिसेस मेल्विन जोन्स’. मेल्विन जोन्स म्हणजे १९१७ मध्ये शिकागोत लायन्स क्लबची चळवळ सुरू करणारे गृहस्थ. त्यांच्या नावाचे मानचिन्ह महाराष्ट्रातील कित्येक तालुक्यांच्या गावी समारंभपूर्वक दिले जाते आणि प्राध्यापकवर्गातही त्याचे मानकरी आढळतात. त्यांच्या पत्नी रोझ अमांडा फ्रीमन या उत्तम गोल्फपटू होत्या. पतीच्या नावाने त्यांची नोंद झाली, आणि योगायोग असा की पतीचेच नाव पुढे जगभर पोहोचले.

ही पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाबरोबर संपली असेही नाही. १९५६ ची वेस्टर्न विजेती ॲन क्वास्ट हिने राष्ट्रीय हौशी अजिंक्यपद तीनदा मिळवले. १९५८ मध्ये ॲन क्वास्ट, १९६१ मध्ये ॲन क्वास्ट डेकर व १९६३ मध्ये ॲन क्वास्ट वेल्ट्स अशा तीन नावांनी ते नोंदले गेले. १९८० मध्ये तिने ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले तेव्हा ती ॲन क्वास्ट सँडर होती. तिच्या पिढीपर्यंत निदान स्वतःचे पहिले नाव व माहेरचे आडनाव टिकून राहू लागले, एवढी प्रगती मान्य करावी लागेल. टेनिसमध्ये तर १९८१ ची विम्बल्डन विजेती ख्रिस एव्हर्ट तेथील फलकावर ‘मिसेस जे. एम. लॉइड’ या नावाने होती. विम्बल्डनच्या महिला विजेत्यांच्या फलकावरून ‘मिस’ व ‘मिसेस’ ही उपपदे काढण्यासाठी २०२२ साल उजाडावे लागले.

चषकाचा दाता आणि चषकाचे नाव

इतिहासाचे अभ्यासक ताम्रपट वाचताना दान कोणी दिले, कोणास दिले व कोणत्या शब्दांत दिले, हे तिन्ही पाहतात. चषकही असाच वाचता येतो. अमेरिकी महिला गोल्फमधील तीन चषक या दृष्टीने उद्बोधक आहेत. ते वेस्टर्न स्पर्धेचे नव्हेत, तथापि वेस्टर्नच्या विजेत्या स्त्रियांचा त्या तिन्हींशी निकटचा संबंध आला.

पहिला रॉबर्ट कॉक्स चषक. महिलांची पहिली राष्ट्रीय हौशी स्पर्धा १८९५ मध्ये मेडो ब्रूक येथे झाली. तेरा स्त्रियांनी अठरा होलांचा एकच फेरा खेळला आणि १३२ फटक्यांत तो पूर्ण करणारी मिसेस चार्ल्स एस. ब्राऊन विजयी ठरली. पुढील वर्षी स्कॉटलंडमधील एडिंबरोचे संसद सदस्य रॉबर्ट कॉक्स यांनी चांदीचा चषक देऊ केला. १८९६ ची स्पर्धा न्यू जर्सीतील मॉरिस काउंटी क्लबवर व्हावी, अशी त्यांची अट होती. हा क्लब स्त्रियांनी स्थापन केलेला होता, ही यातील लक्षणीय गोष्ट. सोळा वर्षांच्या बिआट्रिक्स हॉइट हिने तो चषक प्रथम जिंकला आणि पुढील दोन्ही वर्षी आपल्याकडेच राखला. यूएसजीएच्या सुरुवातीच्या चषकांपैकी पुरुषांच्या हौशी स्पर्धेचा हॅव्हमायर चषक १९२५ मध्ये अटलांटातील ईस्ट लेक क्लबला लागलेल्या आगीत नष्ट झाला. पुरुषांच्या खुल्या स्पर्धेचा मूळ चषक १९४६ मध्ये शिकागोजवळच्या टॅम ओ’शँटर क्लबच्या आगीत गेला. स्त्रियांचा कॉक्स चषक तेवढा मूळ स्वरूपात शिल्लक राहिला. बेसी अँथनी, ईडिथ कमिंग्ज, मिरियम बर्न्स आणि ॲन क्वास्ट या सर्व वेस्टर्न विजेत्यांनी तो उचलला आहे.

दुसरा कर्टिस चषक. हॅरियट व मार्गारेट कर्टिस या राष्ट्रीय विजेत्या भगिनींनी १९२७ मध्ये तो दिला. त्याचे रूप पॉल रिव्हिअर याच्या प्रसिद्ध चांदीच्या वाडग्यासारखे आहे आणि अनेक देशांतील स्त्री-गोल्फपटूंमध्ये मैत्रीपूर्ण चुरस वाढावी, अशा आशयाचा मजकूर त्यावर कोरला आहे. १९३२ मध्ये इंग्लंडमधील वेंटवर्थ येथे अमेरिका व ब्रिटन यांच्या महिला संघांत पहिला सामना झाला. अमेरिकेच्या त्या संघात वेस्टर्नची तत्कालीन विजेती ओपल हिल होती. येथे चषक देणाऱ्याही स्त्रियाच, आणि चषकावरचे आडनाव त्यांचे स्वतःचे, माहेरचे.

तिसरा व्हेअर चषक. हंगामात दर फेरीमागे सर्वांत कमी सरासरी फटके घेणाऱ्या व्यावसायिक महिलेला तो दिला जातो. १९५२ मध्ये बेटी जेमसन हिने हा चषक दिला व त्याला आपले नाव न देता ग्लेना कॉलेट व्हेअर हिचे नाव दिले. १९५३ मध्ये पॅटी बर्ग त्याची पहिली मानकरी ठरली. एका खेळाडूने दुसऱ्या खेळाडूच्या सन्मानार्थ दिलेला आणि तिसरीने जिंकलेला हा चषक स्त्रियांच्या क्रीडापरंपरेचे सुंदर उदाहरण आहे. तरीही एक खोच उरते. ग्लेनाने सहा राष्ट्रीय हौशी अजिंक्यपदे मिळवली. त्यांपैकी १९२२, १९२५, १९२८, १९२९ व १९३० ही पाच ‘ग्लेना कॉलेट’ या नावाने मिळवलेली. १९३१ मध्ये तिचा विवाह झाला व १९३५ चे एकच अजिंक्यपद व्हेअर या आडनावाने आले. चषकाला मात्र नेमके तेच आडनाव मिळाले.

खुली स्पर्धा : १९३० ते १९६७

१९३० मध्ये वुमेन्स वेस्टर्न गोल्फ असोसिएशनने खुली स्पर्धा सुरू केली, तेव्हा व्यावसायिक स्त्री-गोल्फपटू जवळपास अस्तित्वातच नव्हत्या. ज्यांच्यासाठी दार उघडले त्या खेळाडू अजून यावयाच्या होत्या, असे म्हटले तरी चालेल. पहिली विजेती मिसेस ली मिडा ही हौशीच होती. हेलन हिक्स हिने १९३४ मध्ये क्रीडासाहित्य बनवणाऱ्या एका कंपनीसाठी व्यावसायिक म्हणून काम सुरू केले व १९३७ मध्ये ही स्पर्धा जिंकली. महिलांची राष्ट्रीय खुली स्पर्धा १९४६ मध्ये प्रथम झाली. याचा अर्थ असा की तोपर्यंतची सोळा वर्षे व्यावसायिक स्त्रीला मोठ्या अजिंक्यपदासाठी खेळता येईल अशा स्पर्धा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि त्यांतील सर्वांत जुनी ही होती.

१९३५ व १९३६ ची विजेती ओपल हिल हिची कथा सांगण्यासारखी आहे. ती कॅन्सस सिटीची, पेशाने परिचारिका. मूत्रपिंडाच्या विकाराने ती फार काळ जगणार नाही असे डॉक्टरांचे मत पडले आणि हलका व्यायाम म्हणून तिला गोल्फ सुचवण्यात आला. तेव्हा तिने तिशी ओलांडली होती. पुढे तिने वेस्टर्न हौशी स्पर्धा १९२९, १९३१ व १९३२ मध्ये जिंकली, खुली दोनदा जिंकली, १९३७ च्या खुल्या स्पर्धेत ६६ फटक्यांची विक्रमी फेरी खेळली आणि १९३८ मध्ये ती व्यावसायिक झाली.

ही स्पर्धा १९५४ पर्यंत ‘मॅच प्ले’ पद्धतीने होत असे. या पद्धतीत दोन खेळाडू समोरासमोर येतात, प्रत्येक होल स्वतंत्रपणे जिंकला वा हरला जातो आणि हरलेली खेळाडू स्पर्धेबाहेर जाते. कुस्तीच्या दंगलीप्रमाणे शेवटी दोघी उरतात. १९५५ पासून ‘स्ट्रोक प्ले’ पद्धत आली. तिच्यात सर्वजणी सर्व फेऱ्या खेळतात व एकूण फटके मोजले जातात. व्यावसायिक स्पर्धांना ही दुसरी पद्धत सोयीची, कारण नामवंत खेळाडू पहिल्याच दिवशी हरून घरी जाण्याचा धोका तिच्यात नसतो. मॅच प्लेमधील थरार तिच्यात नाही, हेही तितकेच खरे.

त्या थराराचा सर्वांत करुण प्रसंग १९४५ मध्ये इंडियानापोलिस येथे घडला. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्ण व एक रौप्य पदक मिळवणारी बेब डिड्रिकसन झहारियास तेव्हा गोल्फमध्ये स्थिरावली होती. १९३५ मध्ये यूएसजीएने तिला व्यावसायिक ठरवून हौशी स्पर्धांतून बाहेर काढले होते. १९४० मध्ये तिने वेस्टर्न खुली स्पर्धा जिंकली, १९४३ मध्ये तिला हौशी दर्जा परत मिळाला आणि १९४४ मध्ये ती पुन्हा विजयी झाली. १९४५ ची स्पर्धा चालू असताना कॅलिफोर्नियात तिच्या आईचे निधन झाले. युद्धकाळातील निर्बंधांमुळे तिला प्रवासाची सोय होईना. ती खेळत राहिली व अंतिम फेरीत डोरोथी जर्मेन हिला हरवून तिने चषक राखला. दुःखावर मात केल्याची कथा म्हणून हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. प्रस्तुत लेखकास त्यात आणखी एक गोष्ट दिसते. हौशी स्पर्धांची दारे बंद असताना बेबला खेळता आले, कारण स्त्रियांच्या एका प्रादेशिक संस्थेने हौशी व व्यावसायिक हा भेद दारातच बाजूला ठेवला होता.

पॅटी बर्गने १९४१ मध्ये ही स्पर्धा प्रथम जिंकली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये मोटार अपघातात तिच्या गुडघ्याचा चुराडा झाला. १९४३ मध्ये ती परतली आणि याच स्पर्धेत पुन्हा विजयी झाली. पुढे १९४८, १९५१, १९५५, १९५७ व १९५८ मिळून तिचे सात विजय झाले. बेटी जेमसनने १९४२ मध्ये, तर लुईस सग्जने १९४६ व १९४७ अशी लागोपाठ दोन वर्षे, हौशी व खुली अशा दोन्ही वेस्टर्न स्पर्धा जिंकल्या. १९५० मध्ये तेरा स्त्रियांनी एलपीजीए ही व्यावसायिक महिला गोल्फपटूंची संघटना स्थापन केली. बर्ग, सग्ज, झहारियास, जेमसन, हिल, हिक्स व १९३९ ची विजेती हेलन डेटवायलर अशा त्यांतील सातजणी वेस्टर्न खुल्या स्पर्धेच्या विजेत्या होत्या. साठच्या दशकात मिकी राइटने ती १९६२, १९६३ व १९६६ मध्ये जिंकली. १९६७ मध्ये इलिनॉयमधील पेकिन येथे कॅथी व्हिटवर्थ विजयी झाली आणि खुल्या स्पर्धेची यादी तेथे थांबली.

मागाहून मिळालेला दर्जा

एलपीजीएने पुढे १९३० ते १९६७ या काळातील वेस्टर्न खुल्या स्पर्धेला ‘मेजर’, म्हणजे सर्वोच्च श्रेणीच्या स्पर्धेचा दर्जा दिला. १९५० मध्ये जन्मलेल्या संघटनेने स्वतःच्या जन्माआधीच्या वीस वर्षांतील विजयांना, त्यांतही बहुतांशी हौशी खेळाडूंच्या विजयांना, हा मान दिला आहे. १९३० मध्ये खेळणाऱ्या कोणाही स्त्रीला आपण ‘मेजर’ खेळत आहोत याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

या निर्णयाचा परिणाम आकड्यांत पाहावा. पॅटी बर्गच्या नावावर पंधरा मेजर विजय आहेत, सात वेस्टर्नचे, सात ऑगस्टातील टायटलहोल्डर्स स्पर्धेचे आणि एक १९४६ च्या राष्ट्रीय खुल्या स्पर्धेचा. हा उच्चांक आहे. त्याखालोखाल मिकी राइटचे तेरा. १९५० पूर्वीचे विजय वगळले तर बर्गचे सातच उरतात व पहिले स्थान राइटकडे जाते. केवळ वेस्टर्नचे विजय वगळले तर बर्गचे आठ, राइटचे दहा, आणि अलीकडच्या काळातील ॲनिका सोरेनस्टॅम हिचेही दहाच. श्रेष्ठत्वाचा क्रम अशा रीतीने समितीच्या एका ठरावावर अवलंबून राहतो.

पुरुषांच्या वेस्टर्न खुल्या स्पर्धेला हा न्याय लागू झाला नाही. वॉल्टर हेगन याने ती पाच वेळा जिंकली व त्याच्या काळी ती अत्यंत प्रतिष्ठेची मानली जाई. तरीही त्याच्या अकरा मेजर विजयांत तिची गणना होत नाही. मग स्त्रियांच्या बाबतीत ही सवलत का, असा आक्षेप घेता येतो. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे सवलत हा शब्द योग्य नाही. पुरुषांना त्या काळात राष्ट्रीय खुली, ब्रिटिश खुली व व्यावसायिकांची अशा अन्य मोठ्या स्पर्धा उपलब्ध होत्या. १९३० ते १९३६ या सात वर्षांत व्यावसायिक अमेरिकी स्त्रीला मायदेशात या तोडीची दुसरी स्पर्धा नव्हती. एलपीजीएच्या तेरा संस्थापकांपैकी सातजणी ज्या यादीत आहेत, ती यादी वगळून त्या खेळाचा इतिहास लिहिता येत नाही.

यादीबाहेरच्या स्त्रिया

दर्जा मागाहून देता येतो, पण त्या काळी ज्यांना प्रवेशच नव्हता त्यांना तो देता येत नाही. ज्या शिकागोत वेस्टर्न स्पर्धांचा जन्म झाला तेथेच १९३७ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांनी शिकागो वुमेन्स गोल्फ क्लब स्थापन केला, कारण शहराभोवतीच्या खाजगी क्लबांची दारे त्यांना बंद होती. सार्वजनिक मैदानांवर सराव करून आणि कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र स्पर्धा खेळून या स्त्रियांनी आपला खेळ घडवला. इंडियानामधील गॅरी येथे राहणारी ॲन ग्रेगरी या क्लबची सर्वांत नामवंत खेळाडू. १९५६ मध्ये इंडियानापोलिसच्या मेरिडियन हिल्स क्लबवर ती राष्ट्रीय हौशी स्पर्धेत उतरली. त्या स्पर्धेत खेळणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. पहिल्या फेरीत तिची गाठ कॅरोलिन क्युडोन हिच्याशी पडली व ती पराभूत झाली. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९७१ मध्ये, यूएसजीएच्या ज्येष्ठ महिलांच्या हौशी स्पर्धेत ग्रेगरी अजिंक्यपदाच्या अगदी जवळ पोहोचली. तेथे तिला केवळ एका फटक्याने उपविजेतेपदावर समाधान मानावे लागले, आणि चषक गेला पुन्हा त्याच कॅरोलिन क्युडोनकडे.